एक जूनवाल्यांचा पासवर्ड

आधी काकूंचं सांगतो, चोरीचं मग. चोरी आधी सांगितली की ऐकणारा चोराच्याच मागे लागतो आणि काकू राहून जातात. असं माझं दोनदा झालंय, तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही.

कर्जतहून खोपोलीकडे येताना रस्त्याला लागून एक गाव आहे. तिथे काकूंचं फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि एक फिरतं स्टूल. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, लेकीचं उतरवणं, सगळी कामं तिथे होतात. घर शेतीवाल्यांचं. नवरा टेंपो चालवतो, मुलगी पाचवीत आहे. वय चाळिशीच्या आतलंच. काकू म्हणायला सुरुवात आम्ही चिडवायला केली, कारण खेळताना त्या ओरडायच्या फार. मग तेच नाव पडलं आणि चिडवणं कधी गळालं ते कळलं नाही.

त्या दुकानात एक रीत आहे. गिऱ्हाइकाला पासवर्ड टाकायचा असला किंवा मोबाइलवर आलेला नंबर भरायचा असला की काकू कीबोर्ड त्याच्याकडे सरकवतात आणि स्टूल भिंतीकडे फिरवून बसतात. म्हातारीकोतारी म्हणतात, "अगं तूच टाक, मला कुठं येतंय." काकू भिंतीकडे बघतच एकेक अक्षर कुठे आहे ते सांगतात, पण वळत नाहीत. भिंतीवर तिथे दिनदर्शिका आहे. तिच्याकडे बघून बघून त्यांना वर्षाचे सगळे सण पाठ झालेत असं त्या म्हणतात.

आणि ह्याच काकू आमच्या टीमच्या कॅप्टन.

खेळाचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ, चौघाचौघांनी मैदानात उतरायचं, कानात इअरफोन, एकमेकांशी बोलत बोलत लढायचं. टीम अकरा जणांची. खरी नावं कुणी वापरत नाही, गावावरून हाक मारायची. शेलूचा एक आहे, मुंबईला ऑफिसात नोकरी करतो, शेलूच्या नव्या बिल्डिंगीत घर घेतलंय. तो 'शेलू'. कर्जतच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवर एक राहतो, तो 'डोंगर'. मी मोहोपाड्याला खोली करून राहतो, म्हणून मी 'मोहोपाडा'. खरं तर मी परभणीकडचा. नववीत शाळा सोडली, ठेकेदाराच्या गाडीत बसून इकडे आलो, केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर पॅकिंगला लागलो. इथे मला कुणी ओळखत नव्हतं. पण संध्याकाळी कानात कुणीतरी "मोहोपाडा, डावीकडं बघ रं, डावीकडं!" म्हणून ओरडायचं आणि मला वाटायचं, चला, आपल्यालाही एक गाव आहे.

आता माझ्या घरचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय मी एवढा का घाबरलो ते कळणार नाही.

मी शाळा सोडली तेव्हा वडील म्हणाले होते, "धाव्वी झाल्याबिगर माझ्या दारात पाय ठिवायचा नाही." आणि ते खरं करून दाखवणारा माणूस आहे. घरात फोन एकच, तो त्यांच्या खिशात. मी लावला की ते उचलायचे, माझा "हॅलो" ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. आईला फोन नाही. राहिली धाकटी बहीण. तिने मी निघायच्या दिवशी, एसटी स्टँडवर ठेकेदाराच्या गाडीची वाट बघताना, माझ्या मोबाइलमध्ये हा खेळ टाकला. फॉर्म तिनेच भरला, मी पिशव्या सांभाळत होतो. "दादा, चुलतीच्या पोरीच्या फोनवर मी हाच खेळ खेळते. यात मेसेज करता येतो. अण्णांना कळणार नाही." आमच्या आणि चुलतीच्या घरात बांधावरून बोलणं बंद आहे, पण पोरींना बांध कुठला? रविवारी दुपारी त्या दोघी शेळ्यांमागे जातात, आणि तिथून मला तिचे मेसेज येतात. आईचा गुडघा. म्हैस व्याली. गणितात किती पडले. चार शब्द, पाच शब्द. एवढा एकच दोरा माझ्या हातात घरचा होता, आणि तो त्या खेळाच्या आयडीला बांधलेला होता. चुलतीकडचा नंबर माझ्याकडे नव्हता. बहीण खेळातलं तिचं नाव दर महिन्याला बदलते, त्यामुळे शोधूनही सापडली नसती. माझ्या यादीत ती होती म्हणून होती.

आणि मी आहे काळजीखोर. खोलीला कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतो, जिन्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा. तरीसुद्धा मी जी चूक केली ती केलीच.

ती चूक माझी एकट्याची नव्हती. आमच्या टीमच्या अकरातल्या सात जणांचा वाढदिवस एक जून. कारण एकच. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही, किंवा सांगितलेली वयाच्या नियमात बसली नाही, की मास्तर एक जून टाकून मोकळे. खेड्यातल्या निम्म्या शाळा एक जूनलाच जन्मलेल्या असतात. आम्ही त्याची मजा केली होती. एक जूनला संध्याकाळी सगळे मैदानात उतरायचो, एका पत्र्याच्या गोदामात जमायचो आणि बंदुका आकाशात उडवायचो. सात जणांचा एकच वाढदिवस. शेलू दरवर्षी विचारायचा, "केक कोणाच्या नावाने कापायचा?" काकू म्हणायच्या, "मास्तरच्या!" त्यांचाही एक जूनच.

आणि ह्या आनंदात सातही जणांनी पासवर्डही तसाच ठेवला होता. आपल्या गावाचं नाव, आणि पुढे शून्य एक शून्य सहा.

चोरी झाली तो शुक्रवार होता. आमच्या कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर केबिनमध्ये लाकडी खण आहेत, त्यात ठेवायचा, आठ तासांनी घ्यायचा. तीनला सुटून मी मोबाइल हातात घेतला तर टीमच्या ग्रुपवर मेसेजचा पूर. त्या खेळाच्या नेटवर्कमधून लोकांची माहिती चोरीला गेली होती. मेल, जन्मतारखा, जुन्या खात्यांचे पासवर्डसुद्धा. खेळाच्या कंपनीने इंग्रजीत लांबलचक पत्र पाठवलं होतं. शेलूने ते ऑफिसात वाचून मराठीत बोलून टाकलं होतं, साडेतीन मिनिटांचं, मधे त्याचा साहेब आल्याचंही ऐकू येत होतं.

गेटवर उभा राहून मी सगळं ऐकलं. पहिल्या तासात नुसती थट्टा होती.

"डेटा चोरला? माझ्याकडं रोजचा दीड जीबी असतो, तो पन दुपारी संपतो. चोरा, थोडा मलाच दे."

"कंपनी आता भरपाई म्हणून फुकट बंदूक देणार बघा."

"तुला फुकट तोफ दिली तरी तू झाडालाच मारनार."

मग एकाचा मेसेज: "माझा आयडी उघडत नाय." मग दुसऱ्याचा. त्यानंतर काकूंचा आवाज, दुकानात मागे झेरॉक्सचं मशीन चाललेलं. "आरं गपा जरा. कोणाकोणाचा पासवर्ड गाव आणि एक जून हाय? लिहू नका हितं! नुसतं हात वर करा." हाताच्या चित्रांची रांग लागली. काकू म्हणाल्या, "म्हणजे चोराला एक चावी गावली आणि सात घरं उघडी. सगळ्यांनी हातातलं काम टाका आणि बदला. आधी मेलचा, मग खेळाचा. मेल म्हंजे पुढचं दार. आतल्या कपाटाला कुलूप लावून काय उपेग, दार सताड उघडं असलं तर?"

हा मेसेज साडेबाराचा होता. मी ऐकला तीनला. माझा आयडी तोपर्यंत गेला होता.

मी तिथेच कठड्यावर बसलो. बरोबरचे विचारायला लागले, घरी काही झालं का? काय सांगणार? खेळाचा आयडी गेला म्हणून बसलोय, हे सांगण्यासारखं नव्हतं. पण माझ्या डोक्यात बंदुका नव्हत्या, रँक नव्हती. परवा रविवार. परवा बहीण शेळ्यांमागे जाणार, मेसेज करणार, आणि माझ्या नावाने दुसराच कुणी तिला उत्तर देणार. मी नसताना मीच तिच्याशी बोलणार. त्यापेक्षा दोरा तुटलेला बरा, असंही एकदा मनात आलं.

काकूंना फोन लावला. मी नीट बोलू शकलो नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं, आणि हसल्या नाहीत. ह्याचं मला अजून नवल वाटतं. खेळासाठी रडणाऱ्या माणसाला कुणीही हसलं असतं. त्या म्हणाल्या, "बहिणीचं हाय व्हय? मग तुझं पहिलं." आणि संध्याकाळी त्यांनी माझ्यातर्फे खेळाच्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. इंग्रजी त्या फॉर्म भरता भरता शिकल्यात. त्यामुळे त्यांचं पत्र अर्जासारखं असतं, 'विनंती आहे की' पासून 'आपली विश्वासू' पर्यंत. कंपनीचे प्रश्न आले. आयडी कधी उघडला, मोबाइल कुठला होता, यादीतला पहिला मित्र कोण, जन्मतारीख काय. सगळं सांगितलं. जन्मतारीख अर्थातच एक जून.

शनिवारी उत्तर आलं. जन्मतारीख जुळत नाही. अजून एकदा सांगता येईल, मग अर्ज बंद.

"रविवारी सकाळी ये," काकू म्हणाल्या. "तोवर काय पण करू नको. लिंक आली तर दाबू नको. कोणी म्हनलं मी सोडवून देतो, तर त्याला म्हण माझी काकू हाय."

रविवारी मी मोहोपाड्याहून चौक, चौकहून खोपोलीचा शिळफाटा, तिथून रिक्षाने त्यांच्या गावी गेलो. त्यांना आवाजाने चार-पाच वर्षं ओळखत होतो, पण पाहिलं पहिल्यांदाच. त्यांच्या मोबाइलची काच उजव्या कोपऱ्यात फुटलेली. खेळात त्या नेहमी डावीकडूनच का मारतात ते मला तेव्हा कळलं.

"आलास मराठवाड्या? बस. आधी डोंगराकडं जाऊन येऊ. त्याचं तीन दिवस काही नाय. त्याला बातमी पण पोचली नसंल."

डोंगरचा आयडी आमच्या टीममधला सगळ्यात भारी. दूरवरून नेम धरण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. चोराला मिळाला असता तर त्याने नाचून घेतलं असतं. पण वाडीवर रेंज येते ती एका मोठ्या खडकावर, तेही वारा बरा असला तर. काकू स्कूटरवर पुढे, मी मागे. रस्ता संपल्यावर अर्धा तास चढण. ह्या बाईला दुकान होतं, घर होतं, रविवारी पाहुणे येणार होते. एका पोराचा खेळातला आयडी वाचवायला त्या पदर खोचून चढत होत्या आणि वर मलाच म्हणत होत्या, "चल रं, दमलास? पॅकिंगवाला ना तू?"

डोंगर खडकाजवळच भेटला. रानातून करवंदं काढून आला होता, टोपली तशीच खांद्यावर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माजा नाय जानार."

"का नाय जानार? तू काय कंपनीचा जावई हायस?"

"माजा पासवर्ड एक जून नाय."

"मग काय हाय? सांगू नको! नुसतं कसा हाय ते सांग."

"मी शाळंत गेलोच नाय काकू. मला कोन एक जून देनार?" मग जरा लाजत म्हणाला, "पाखरांची नावं हायत. सकाळी जी जशी वरडतात, तशी ओळीनं."

काकू खडकावर बसल्या आणि खो-खो हसल्या. खाली येईपर्यंत हसत होत्या. "शिकलेल्या सात जणांची घरं उघडी आणि न शिकलेल्याच्या दाराला पाखरांचं कुलूप. मी सगळ्यांना आता हेच शिकवनार." आणि खरंच शिकवलं. पुढच्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या म्हातारीलासुद्धा त्या विचारत होत्या, "आजी, सकाळी उठल्यावर काय काय करता, ओळीनं? मला सांगू नका, मनातल्या मनात म्हना. आता तोच पासवर्ड." आणि स्टूल भिंतीकडे.

दुकानात परत आलो तेव्हा बारा वाजत आले होते. बहीण दोनच्या सुमारास शेळ्या घेऊन निघते. माझं लक्ष घड्याळाकडे.

"तुझा फॉर्म भरला कोणी?" काकूंनी विचारलं.

"बहिणीनं. एसटी स्टँडवर."

"तिनं एक जून नाय टाकली. तिला तुझी खरी तारीख ठाऊक असनार. तुला काय ठाऊक हाय का?"

मला एवढंच आठवत होतं की आई म्हणायची, तू झालास तेव्हा बायकांचे झोके चालले होते. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. शाळेचा दाखला म्हणजे खरं, आईचं म्हणणं म्हणजे गोष्ट.

"झोके म्हंजे पंचमी. पन आदला दिवस का पुढला दिवस? एकच संधी हाय. अंदाजानं नाय भरायचा फॉर्म." त्यांनी हात पुढे केला. "वडलांचा नंबर दे."

मी म्हणालो, उचलणार नाहीत. म्हणालो, माझं नाव काढलं की ठेवतील. काकू म्हणाल्या, "मी काय तुझी भांडनं मिटवायला नाय लावत फोन. मी फॉर्म भरनारी बाई. मला तारीख पाहिजे."

आणि लावला. स्पीकरवर. मला ओठावर बोट ठेवून गप्प बसवलं.

"कोण बोलतंय?" वडिलांचा आवाज. चार-पाच वर्षांत मी त्यांचा "हॅलो"च्या पुढचा शब्द ऐकला नव्हता.

"मी इकडून कर्जतकडून बोलते दादा. माझं फॉर्म भरायचं दुकान हाय. तुमच्या मुलाचा एक फॉर्म हाय, त्यात जन्मतारीख खरी पाहिजे. शाळेतली नको, खरी."

तिकडे मागे कुठेतरी कोंबडं ओरडलं. मी मोबाइलकडे बघत होतो, आत्ता कट होईल, आत्ता कट होईल.

"पंचमीच्या दुसऱ्या दिशी," वडील म्हणाले. "शुक्रवार व्हता. गुरं सोडायच्या टायमाला. एक जून मास्तरानं लावली. मी म्हनलो त्याला, जूनात नाही झालं आमचं पोरगं. तो म्हनला, काय फरक पडतो?"

काकूंनी त्यांच्याकडून माझ्या जन्माचं साल विचारून घेतलं, कॉम्प्युटरवर त्या वर्षीचं पंचांग काढलं, पंचमीच्या दुसऱ्या दिवसावर बोट ठेवलं. शुक्रवारच होता. ऑगस्ट महिना. एकवीस वर्षं मी भलत्याच दिवशी जन्मलेला होतो.

"जुळलं दादा. लई उपकार झाले."

"फॉर्म कसला हाय?" वडिलांनी विचारलं. आणि मग वेगळ्याच आवाजात, "धाव्वीचा हाय का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना हो म्हणता आलं असतं. एका शब्दाने माझं घरात जाणं सोपं झालं असतं, निदान थोडे दिवस. काकू म्हणाल्या, "नाय दादा. खोटं नाय सांगत. मोबाइलच्या खेळाचं खातं हाय. चोरी झाली त्याची. पन त्यावर तो घरच्या मानसांशी बोलतो, म्हनून पाहिजे."

मला वाटलं, संपलं. आता बहिणीचंही कळलं.

मग वडील म्हणाले, "बरं." आणि मग, "धाव्वीचा भराल तवा शाळंतलीच तारीख लावा. दाखल्यावर ती हाय. दाखला माझ्यापाशी हाय, पेटीत. लागला तर कळवा."

फोन कट झाला. पण ह्या वेळी तो माझा आवाज ऐकून झाला नव्हता.

काकू स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी पासवर्ड टाकत नव्हतो, तरी. मी डोळे पुसले, नाक पुसलं, मग त्यांनीच तिकडे बघत विचारलं, "झालं? आता तारीख टाक."

आयडी बुधवारी परत मिळाला. गेटवरच्या खणातून मोबाइल घेतला आणि उघडून बघितलं, तर यादीत बहीण होती. आणि रविवारचे मेसेजही होते. चोराने तिला माझ्या नावाने "हाय" केलं होतं, मग एक लिंक टाकली होती. माझ्या बहिणीने लिंक दाबली नव्हती. विचारलं होतं, "आपली म्हैस कुठल्या शिंगानं मोडकी?" चोराने लिहिलं होतं, "लेफ्ट". बहिणीने लिहिलं होतं, "आपल्या म्हशीची दोन्ही शिंगं चांगली आहेत. तू माझा दादा नाहीस. त्याचा आयडी परत दे." मी गेटवर उभा राहून एकटाच हसलो. मी पाच रात्री नीट झोपलो नव्हतो, आणि ती पोरगी शेळ्यांमागे बसून चोराची परीक्षा घेत होती.

काकूंना हे सांगायचं म्हणून संध्याकाळी खेळ उघडला. टीम जमली होती, काकू नव्हत्या. एक अनोळखी आयडी आत यायला परवानगी मागत होता. अगदी नवा, पहिल्या पायरीवरचा, अंगावर साधा बनियन, हातात बंदुकीऐवजी तवा.

"कोण हाय रं हा बनियनवाला? हाकला."

"घ्या की आत, मुडद्यांनो," काकूंचा आवाज आला. "मीच हाय."

शुक्रवारी साडेबाराला सगळ्यांना सावध करता करता त्यांचा स्वतःचा पासवर्ड बदलायचा राहिला होता. त्यांचाही एक जूनच होता. तो दुपारीच गेला. माझं पत्र लिहिलं तेव्हा त्यांना ते माहीत होतं. डोंगर चढलो तेव्हाही माहीत होतं. आम्हा कुणाला त्यांनी चकार शब्द सांगितला नाही. टीममधला सगळ्यात जुना आयडी होता तो, मुलगी बालवाडीत होती तेव्हापासूनचा.

कंपनीला त्यांनीही लिहिलं होतं. पण तिथे वेगळीच अडचण निघाली. आयडी उघडताना त्यांनी माहेरचं नाव घातलं होतं. कंपनीने त्याच नावाचं ओळखपत्र मागितलं, आणि काकूंच्या सगळ्या कागदांवर सासरचं नाव. पंचक्रोशीतल्या सुनांची नावं कागदोपत्री जुळवून देणारी ही बाई, आणि अडली ती नावावरच. शेलू चिडला, म्हणाला काकू परत लिहा, लग्नाचा दाखला जोडा, मी इंग्रजी बघतो. काकू म्हणाल्या, "आता अ‍ॅडमिशनचा सीझन लागतोय, पोरांचे फॉर्म तुंबलेत. ऱ्हाऊ दे." आणि हसून म्हणाल्या, "सगळीकडं सासरचं नाव हाय रं. तेवढ्या एका ठिकाणी माझं होतं. गेलं तर गेलं. चला, उतरा मैदानात. मला कोणीतरी बंदूक द्या, तव्यानं किती जनांना मारू?"

दहाच्या दहा जणांनी आपल्या हातातल्या बंदुका त्यांच्यापुढे जमिनीवर टाकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. डोंगरने त्याची लांब पल्ल्याची टाकली, जी तो जन्मात कुणाला देत नाही.

सतरा नंबरचा फॉर्म असतो, शाळेबाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा. तो मी काकूंच्याच दुकानात भरला. वडिलांना मीच फोन केला, म्हणालो, दाखला लागतोय. त्यांनी "बरं" म्हटलं आणि ठेवला. आठ दिवसांनी पोस्टाने पाकीट आलं. आत दाखला, आणि पत्ता बहिणीच्या अक्षरात. आता पहिल्या पाळीहून आलो की दोन तास पुस्तक घेऊन बसतो. इतिहास जमतो, गणित बहीण मेसेजवर सांगते. इंग्रजी अवघड जातं. पण सगळ्यात जास्त वेळ मी इंग्रजीलाच देतो, आणि ते दहावीसाठी नाही.

काकू, तुमच्या जुन्या आयडीसाठी कंपनीला जायचं ते पत्र अजून कुणी लिहिलेलं नाही. शेलूला लिहू देऊ नका. लग्नाचा दाखला, माहेरच्या शाळेचा दाखला, दोन्ही काढून ठेवा. थोडा वेळ लागेल, पण ते पत्र मी लिहीन, 'विनंती आहे की' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. आणि ज्या दिवशी तुमचं माहेरचं नाव परत मिळेल, त्या दिवशी नवा पासवर्ड तुम्ही टाकाल आणि स्टूल भिंतीकडे फिरवून मी बसेन.